झुंबरबाईंची सात वाव

मित्रांनो, राहुरीच्या बाजारातल्या एका किराणा दुकानात मी वीस वर्षे साखर आणि शेंगदाणे तोलले. मी दोन किलोचा लोखंडी ठोकळा. तराजू जाऊन आकडे दाखवणारा काटा आला, तेव्हा माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला उचलले मुळा धरणावर मासे धरणाऱ्या झुंबरबाईंनी.

चालत्या होडीमागे त्या पत्र्याचा चमकता खोटा मासा ओढत. त्याला खोल न्यायचे काम माझे. दोरीने मला पाण्यात सोडायचे आणि खोट्या माशाची बारीक दोरी कपड्यांच्या चिमट्याने माझ्या दोरीला अडकवायची. खऱ्या माशाने हिसका दिला की चिमटा सुटे. आधी त्यांनी एक किलोचे वजन लावून पाहिले होते. ते मागे फरफटायचे, दोरी तिरकी व्हायची आणि खोटा मासा वर यायचा. मी मात्र जवळजवळ सरळ खाली राहायचो.

दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव. झुंबरबाईंनी दर वावेला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. सातवी चिंधी पाण्याला टेकली की थांबायचे, असे त्यांनी मुलाला, गोरक्षनाथला, शिकवले.

मग त्यांचे गुडघे धरले आणि होडीवर जाणे सुटले. दोरीही झिजली. गोरक्षनाथने नवी दोरी आणली, स्वतःचे हात पसरले आणि सात खुणा बांधल्या. चार दिवस होडी रिकामी परतली. मी तळाचा चिखल खरवडत होतो, बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यांत अडकत होतो. मासे माझ्या वर होते. मला कळत होते, पण बोलणार कसा?

"आई, तुझी सात वाव आता चालत न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. "पानी बदललंय."

त्या दिवसापासून झुंबरबाईंनी होडीची चौकशीच सोडली. संध्याकाळी धरणाकडे पाठ करून बसू लागल्या. मला पडवीत टाकले गेले, नव्या दोरीसकट.

एक दिवस सून रतनबाई कपडे वाळत घालायला दोरी शोधत होती. जुनी दोरी तिने नव्या दोरीशेजारी लांब केली. जुनीची सातवी चिंधी नवीच्या सहाव्या खुणेपर्यंतही पोचेना. तिने नवऱ्याला हाक मारली. "अहो, हे बघा. आत्याबाई केवढ्याशा, आन तुमी केवढे."

गोरक्षनाथ नव्या दोरीच्या सगळ्या खुणा सोडून ती आईपाशी घेऊन गेला. "आई, हात पसर."

"कशाला? पानी बदललंय ना?"

"पानी तेच हाय. हात माझे लांब."

झुंबरबाईंनी हात सात वेळा पसरले. दर वावेला रतनबाईने चिंधी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षनाथने आईला पाठीवर घेऊन होडीत बसवले. सातव्या चिंधीला मी थांबलो. चिखल माझ्या खाली राहिला. दोरी तिरकी होऊ लागताच झुंबरबाई एवढेच म्हणाल्या, "हळू." थोड्या वेळाने वर चिमटा सुटला, आणि होडीत हातभर लांबीचा शिवडा मासा आला.

मित्रांनो, मला पुसून कोरडे ठेवा, म्हणजे मी गंजणार नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेले माप चुकते आहे असे वाटले, तर ते कुणाच्या हातांनी मोजले होते ते आधी विचारा. ते हात अजून पसरता येतात, तोवर विचारा.