वाटणीची चाकं

बिभीषणराव गेले आणि वर्षाच्या आत त्यांच्या दोन्ही पोरांनी वाटण्या केल्या. बापाचंच नाव बिभीषण, तेव्हा भावापासून वेगळं होणं या घराला नवीन नाही, असं धारूरच्या बाजारातले टवाळ लोक म्हणत. खरं तर भांडण असं झालंच नाही. चार माणसं बसली, जमीन मोजली, भांडी मोजली, म्हशी वाटल्या आणि सगळे जेवून उठले. थोरल्या भारतला गावातलं घर आणि डोंगराच्या अंगाची जमीन आली. धाकट्या अंगदला खालचं काळं रान आलं. त्यानं रानातच घर बांधलं आणि बायकोला, जानकीला घेऊन तो तिकडं राहायला गेला. म्हातारी तुळजाबाई थोरल्याकडं राहिली. बांधावरची विहीर तेवढी सामाईक राहिली, कारण विहीर मधून कापता येत नाही. त्याच कारणासाठी बापानं घेतलेली पांढरी मारुतीही सामाईक राहिली.

विहिरीचं पाणी पाळीनं, तशी गाडीही पाळीनं. एक आठवडा याच्याकडं, एक आठवडा त्याच्याकडं, बदल सोमवारी. गाडी द्यायची असो की न्यायची, यायचा तो अंगदच. थोरल्यानं धाकट्याच्या दारात किल्लीसाठी जायचं नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण दोघांनाही ते ठाऊक होतं. अंगद सकाळी यायचा, भारतची बायको सुनिता चहा द्यायची, तो उभ्या उभ्या बशीत ओतून प्यायचा, पाऊसपाण्याचं काहीतरी बोलायचा आणि जायचा. एवढंच. भारत मात्र सोमवारी सकाळी रानात जात नसे. कुणी विचारलं तर म्हणे, गाडीचं बघायचं असतं. त्या गाडीत बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं हे सुनिताला कळत होतं, पण तिनं तसं कधी बोलून दाखवलं नाही.

पोळा झाला आणि गाडीचे टायर लांबूनही गुळगुळीत दिसायला लागले. त्या सोमवारी अंगदनं चहाची बशी खाली ठेवली आणि पायानंच टायर दाबून बघितला.

"दादा, ही इकून टाकू. मांजरसुंब्याचा भंगारवाला दारातून उचलून नेतो म्हणतोय."

भारतनं चेहरा म्हशीचा सौदा करतानाचा ठेवला.

"टायरच गेलेत ना? टायर घेऊ. इंजिन ठणठणीत हाय."

"ह्या डब्याला चार टायर?"

"सस्ते बघू. दोन तुजे, दोन माजे."

अंगदनं जरा वेळ विचार केला. वाटणीत कुठंच खोट दिसेना, म्हणून तो हो म्हणाला.

दोघं गाडी घेऊन माजलगावला हरिओमच्या टायरच्या दुकानात गेले. हरिओम पोटानं आणि बोलण्यानं सारखाच ऐसपैस. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, च्यक् च्यक् केलं आणि आतून एक साधा, बारीक नक्षीचा टायर लोळवत आणला.

"हे चार घ्या अन् इसरून जा. लई भारी न्हाईत, पण बारमाही हाईत. उन्हाळ्यात डांबर वितळतंय त्यात बी चालतील, पावसात घाटात बी धरतील."

बारमाही हा शब्द भारतला फार आवडला. त्यांच्याकडं बारमाही म्हणावी अशी एक ती विहीर होती. त्यानं टायरच्या खाचांत बोट घालून बघितलं, घाटातलं पाणी यातून कसं बाहेर पडेल याचा मनात अंदाज घेतला आणि मान हलवली. रोज डोंगर चढउतार करणाऱ्या माणसाला यापेक्षा शहाणपणाचा टायर नव्हता.

अंगदला तो पसंत पडला नाही. "माज्या वाटंवर ये एकदा पाऊस पडल्यावर. काळी माती. असल्या बारीक खाचा दोन हात गेलं की भरतील अन् चाक जागच्या जागी फिरंल. मला ते तिकडचे पायजेत." कोपऱ्यात एक उरलेली जोडी पडली होती, खोल, जाड दात्यांची. मापात बसत होती आणि उरलेली असल्यामुळं हरिओम ती कमीतही द्यायला तयार होता.

काळ्या रानात राहणाऱ्या माणसाला यापेक्षा शहाणपणाचा टायर नव्हता, हेही खरंच होतं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळं कुणीच हटेना. हरिओमनं चहा सांगितला. चहा येईपर्यंत ठरलं की प्रत्येकानं आपापल्या पसंतीची जोडी घ्यावी.

"बरं बाबा," हरिओम म्हणाला. "मग निदान एकाची जोडी पुढं बसवू, एकाची मागं. पुढची जरा लवकर घासतात एवढंच."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. पुढची लवकर घासतात म्हटल्यावर पुढं जायला कोण तयार होतंय! भारत म्हणाला, अंगदचे दाते जाड आहेत, त्याचे पुढं लावा. अंगद म्हणाला, बारमाही आहेत तर पुढंच लागतील. चहा निवला. शेवटी तोडगा अंगदनंच काढला.

"बैलं कशी असतात जुवाला? तसं करू. डाव्या अंगाला दादाचे, उजव्या अंगाला माजे. दोघांचा एक पुढं, एक मागं. झिजले तर सारकेच झिजतील."

हरिओमनं कपाळावर हात मारला. "अबे, ही काय बैलं हाईत का? ब्रेक मारला की एका अंगाला ओढंल गाडी."

"आमच्या बापाची बैलं तरी कुठं एकसारकी होती?" भारत म्हणाला. "एक तांबडा, एक पांढरा. कधी गाडी खड्ड्यात गेली न्हाई."

वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं, आणि झालं तेही नको त्या गोष्टीवर. भारतला तेवढ्यानंही बरं वाटलं. हरिओमनं दोनदा बजावलं आणि मग गिऱ्हाइकापुढं हात टेकून टायर चढवले. घरी तुळजाबाईनं चाकांखाली लिंबं ठेवायला लावली. डाव्या चाकांखाली सुनितानं ठेवली, उजव्या चाकांखाली जानकीनं. लिंबंही ज्यानं त्यानं आपल्या घरची आणली होती.

सुक्या रस्त्यावर काही बिघडलं नाही. गाडी जराशी डावीकडं झुके. दोघांनीही स्टेअरिंग किंचित उजवीकडं धरायची सवय लावून घेतली आणि एकमेकांजवळ बोलले नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर माजलगावला भाचीचा साखरपुडा निघाला. वार रविवार. पाळी अंगदची होती, म्हणून गाडी तो चालवत होता. शेजारी भारत, मागं मांडीवर साडीचोळीची पिशवी घेऊन तुळजाबाई. परतीचा पाऊस भुरभुरत होता. घाटात एका वळणापलीकडं ऊसतोडीला निघालेल्या माणसांचा ट्रॅक्टर थांबला होता. ट्रॉलीत बायका, पोरं, भांड्यांची बोचकी, वर ताडपत्री. अंगदनं ब्रेक दाबला. डाव्या अंगाच्या बारमाही टायरांनी ओला रस्ता घट्ट धरला. उजव्या अंगाचे दाते चिखलासाठी केलेले होते, ते ओल्या डांबरावरून साबणासारखे सरकले. मारुती गर्रकन डावीकडं फिरली, कठड्याला नाक लावून थांबली, आणि कठड्यापलीकडं पार खालच्या बोरीबाभळी दिसायला लागल्या.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मग दोघं भाऊ उतरले आणि आईकडं न बघता आधी टायरांकडं बघायला लागले.

"तुज्या टायरनं ओढलं," अंगद म्हणाला.

"तुजे सरकले म्हणून माज्यानं ओढलं."

"बाबांनो," आतून तुळजाबाई म्हणाली, "मला आदी उतरवा. मग करा वाटण्या."

तिला उतरवून ट्रॅक्टरवाल्या बायकांजवळ नेऊन बसवलं. अंगद परत आला तो एकदम कडाडला.

"बास झालं, दादा. आज माय गेली असती. उद्याच्या उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"इकू नको."

"कावून? काय ठिवलंय हिच्यात?"

भारतला वेगळंच काही बोलायचं होतं. इंजिनाचं, नाहीतर बापाच्या आठवणीचं. पण जीव नुकताच घशापर्यंत येऊन गेला होता, त्यामुळं बाहेर आलं ते खरंच.

"गाडी गेल्यावर तू माज्या दारात कावून येशील?"

ट्रॉलीतली माणसं बघत होती. अंगदनं तोंडावरचं पाणी पुसलं, कठड्याकडं बघितलं, मग भावाकडं.

"अन् तू?" तो म्हणाला. आवाज उतरला होता. "वास्तुशांतीला आलतास. पंगतीतून उठलास तसा गेलतास. त्याला किती वर्सं झाली? माजं दार कसं हाय, आठवतंय का तुला?"

भारतला आठवेना. दाराला कुठला रंग होता, तेही आठवेना. याची त्याला फार लाज वाटली आणि ती लपवायला कठड्याशिवाय दुसरी जागा नव्हती, म्हणून तो कठड्याकडं तोंड करून उभा राहिला.

ट्रॅक्टरवाल्यांनी हात लावून गाडी सरळ करून दिली. अंगदनं ती बैलगाडीच्या चालीनं घाटाखाली नेली आणि माजलगावात शिरताच थेट हरिओमच्या दुकानासमोर उभी केली. हरिओमनं म्हातारीला खुर्ची दिली. "मी तवाच म्हणलो होतो" हे वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, पण भल्या माणसानं ते गिळलं.

"माजे दोन्ही पुढं लाव," भारत म्हणाला. "धरायचं काम त्यांचं. ह्याचे मागं जाऊ दे."

"घाटासाठी तेच बरं. चारी सारके झाले तर आणखी बरं, पण तवर हळू हाका. अन् तुजे आदी घासतील, सांगून ठिवतो."

"घासू दे."

साखरपुड्यात दोघं वेगवेगळ्या पंगतीत बसले. संध्याकाळी धारूरला परत आल्यावर अंगदनं किल्ली ओट्यावर ठेवली. "उद्यापून तुजीच पाळी हाय. आता उद्या कुठं परत येऊ," म्हणाला आणि गावातल्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून निघून गेला.

म्हणजे सोमवारी त्याला यायचं कारण उरलं नव्हतं. तरी भारत ओट्यावर बसला. सुनितानं सवयीनं चहा जास्तीचा टाकला होता, तो चुलीच्या कडेला निवत राहिला. ऊन ओट्यावर चढलं. भारतनं किल्ली या हातातून त्या हातात केली आणि शेवटी उठला.

"कुठं?" तुळजाबाईनं विचारलं.

"गाडीचं बघून येतो."

डांबरी सोडून तो अंगदच्या रानाच्या वाटेला लागला. रात्री तिथं चांगलाच पाऊस झाला होता. पुढच्या चाकांवर गाडीचा सगळा जोर आणि पुढं होते ते बारमाही. अंगद बोलला होता तसंच झालं. बारीक खाचा मातीनं भरल्या, चाकं जागच्या जागी भिरभिरली आणि मारुती पोटावर बसली. मागं अंगदचे जाड दाते नुसतेच शोभेला होते. भारतनं दोनचार वेळा जोर लावून बघितला, काचेवर चिखल उडवून घेतला आणि इंजिन बंद केलं.

इथून मागं फिरणं सोपं होतं. डांबरी हाकेच्या अंतरावर होती आणि कुणी बघितलंही नव्हतं. भारतनं चपला हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि तो पुढं चालायला लागला.

अंगद दारातच म्हशीला वैरण टाकत होता. पोटरीपर्यंत चिखलात माखलेला थोरला भाऊ येताना बघून त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"दादा? गाडी कुठाय?"

"फसली. तुज्या वाटंवर माजी चाकं चालत न्हाईत."

"मी सांगितलं नव्हतं का दुकानात? मग आणलीस कावून? अन् पाळी तर तुजीच हाय."

"पाळी माजी हाय," भारत म्हणाला. "पण आज सोमवार हाय."

अंगदनं पेंढी खाली टाकली आणि आत जानकीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. पाय धुवायला पाण्याची घागर त्यानं स्वतः आणली. भारत पाय धुता धुता दाराकडं बघत होता. दार निळं होतं.

"आदी गाडी काडायची का?" अंगदनं विचारलं.

"बस जरा," भारत म्हणाला.

अंगद बाजेवर त्याच्या शेजारी बसला. चहा पिऊन होईपर्यंत गाडीचं नाव दोघांनीही काढलं नाही.