आधी तिला

मी ब्लडप्रेशर मोजायचं मशीन. मुक्काम कडेगाव, अमृतच्या घरात, टीव्हीच्या कपाटात. चार वर्षं तोंडातून चकार शब्द न काढता मी लोकांचे दंड दाबले. आता बोलतोय, कारण या घरातल्या शहाण्यांची मला शिसारी आली आहे.

मला पुण्याहून धाडलं विश्वजितनं, अमृतच्या धाकट्या भावानं. आई हरणाबाईंना विसर पडायचा आजार जडला, तेव्हा साहेबांना यायला सवड नव्हती. मग मला कुरिअरनं पाठवलं आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आईची काळजी घ्या.’ लेकाचं कर्तव्य एका खोक्यात मावलं.

काळजी घेतली मंगलनं, म्हणजे अमृतच्या बायकोनं. हरणाबाई पंचवीस वर्षांपूर्वी विकलेली मेंढरं शोधायला भर उन्हात फाटकाबाहेर पडायच्या. मंगल हातातली भाकरी तशीच टाकून मागं धावायची. “आत्या, मेंढरं आत कोंडल्याती, मोजून आल्ये मी,” असं सांगून परत आणायची. तासाभरानं पुन्हा तेच. अंघोळ घालताना चावे खायची, रात्री कडीचा आवाज झाला की उठून बसायची. सलग झोप म्हणून तिला माहीत नव्हती. अमृत म्हणायचा, “तुला तिची सवय हाय. माझं ती आयकत न्हाई.” किती सोयीचं!

आजारी माणसाला भेटायला यायची इथं रीत आहे. भेटायला कसली, परीक्षा घ्यायला! बिस्किटाचा पुडा पुढं करून जो तो विचारणार, “मला वळखलं का?” हरणाबाई नापास झाल्या की पाहुणे खूश. मंगलची चुलत नणंद शालूबाई तर दर महिन्याला परीक्षा घेऊन जायच्या. मग चहा पिता पिता माझ्याकडं बघून म्हणायच्या, “मंगल, माझं बी बग की जरा.” मी साऱ्या भावकीचे दंड मोजले. चहा करणारीचा दंड मोजावा, असं एकालाही सुचलं नाही.

तरी तो मी रोज मोजत होतो. त्याचं असं झालं. माझा पट्टा आवळला की हरणाबाई घाबरायच्या, कुणी बांधून नेतंय असं त्यांना वाटायचं. त्या हात ओढून घेत आणि मंगलकडं बोट दाखवत, “आदी तिला!” मंगल हसून पट्टा आपल्या दंडाला बांधायची, बटण दाबायची. “बगा आत्या, काय सुदिक हुत न्हाई.” तिची नजर सासूच्या तोंडाकडं. मी इकडं एकशे सत्तर दाखवत बोंबलतोय, ती आकड्याकडं ढुंकूनही बघत नव्हती. तिचाही मला रागच आला. स्वतःच्या जिवाला इतकं स्वस्त कुणी करावं?

नंतर पट्टा सासूच्या दंडाला बांधायची. तो अर्धा आवळायच्या आत हरणाबाई ओरबाडून काढत. त्यांचा आकडा मला मिळायचाच नाही. माझ्या पोटात शेवटचा राहायचा तो मंगलचा.

संध्याकाळी अमृत यायचा. ‘आई, कशी हाईस?’ एवढंही न विचारता माझं बटण दाबून तो शेवटचा आकडा काढायचा, फोटो मारून ग्रुपवर टाकायचा. खाली अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. मॅच असली की माझे सेल काढून रिमोटमध्ये घालायचा, त्या दिवशी आईचं प्रेशर कुणालाच नको असायचं.

गेल्या महिन्यात विश्वजितनं पुण्यात बसून निदान केलं. ‘आईचं प्रेशर लय वाढलंय. सकाळची प्रेशरची गोळी दोन टाइम करा.’ डॉक्टरला विचारायची गरज काय? केली दोन टाइम. आठव्या दिवशी हरणाबाई उठता उठता अंगणात कोसळल्या.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांचं प्रेशर बघितलं. वरचं नव्वद.

“घरी कवा एकशे साठच्या खाली न्हाई, म्याडम,” अमृत ठासून म्हणाला. बाईंनी मला मागवलं. मी पोचताच अमृतनं निकाल दिला, “मशीनच खराब हाय.”

खराब? मी?

बाईंनी खात्री करायला मला जवळ उभ्या असलेल्या मंगलच्या दंडाला बांधलं. एकशे ब्याऐंशी. मग दवाखान्याचं मशीन बांधलं. एकशे ऐंशी. बाईंनी माझ्या पोटातले जुने आकडे एकेक करून काढले आणि मंगलला विचारलं, “घरी आधी कुणाला बांधता?”

मंगलनं सांगितलं. अमृतनं मान खाली घातली. फार लवकर घातली!

मंगलच्या तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, “आजींची जादा गोळी थांबवली की त्या बऱ्या होतील. दाखल यांना करायचंय. वर्षानुवर्षं झोप नाही, जिवाला सतत घोर, स्वतःची तपासणी नाही. दाब वाढत गेला आणि हृदयाची भिंत जाड झालीय. अजून थोडे दिवस असेच गेले असते, तर यांना इथं चालत आणता आलं नसतं.”

“मी ऱ्हाते, पर आत्यांस्नी भरवायचं कुनी?” मंगलनं विचारलं. दोन धट्टेकट्टे लेक असलेल्या बाईच्या सुनेला हे विचारावं लागलं.

परवा रविवारी विश्वजित पहिल्यांदा आला. मंगल नुकतीच घरी आलेली, गोळ्या सुरू, भिंतीला टेकून बसलेली. त्यानं मला उचललं, ग्रुपसाठी फोटो हवा होता. “चल आई, तुजं बगू.”

हरणाबाईंनी हात पदराआड घेतला. लेकाला त्यांनी ओळखलंच नव्हतं. बोट मात्र मंगलकडं केलं.

“आदी तिला.”

“आईला आता कायबी कळत न्हाई,” विश्वजित हसला.

लोकहो, या घरात मी चार वर्षं काढली. आधी मंगलला बघा, असं म्हणणारं माणूस मला एकच भेटलं, आणि त्याला तुम्ही बिनडोक्याचं म्हणता. मला आता कुणाचा फोटो नको, अंगठे नकोत. माझे सेल तेवढे जागेवर असू द्या, आणि तिचा दंड द्या इकडं.