ओल्या बाहीचा कोट

"काकी, परशुकाका रात्री येवन ह्यो कोट घालतत काय गो?"

शेवंतीने विचारलं आणि हळूच कुंपणाकडे पाहिलं. कुंपणाबाहेर तिच्या वर्गातल्या नर्मदा आणि यशोदा तोंडावर दप्तर धरून कान देऊन उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "मोठी मॉनिटर झालंस मां? गॅदरिंगात कागदाशिवाय भाषण केलंस मां? मगे इचारून दाखव तुझ्या काकीक!" आणि गॅदरिंगपासून शेवंतीला जगात विचारता येणार नाही असं काही उरलंच नव्हतं. त्यामुळे विचारलं.

काशीकाकी, तिच्या धाकट्या परशुकाकांची बायको, पडवीत खुंटीपाशी उभी होती. ती रागावली नाही. हसलीही नाही. तिचा हात खुंटीवरच्या काळ्या लोकरी कोटाच्या बाहीवर होता.

"घालून भायर जाणत नाय गो," ती म्हणाली. "घालूक येतत. थंडी वाजता त्येंका थय."

थय म्हणजे कुठे, ते तिने सांगितलं नाही. नुसती मान वळवली. माडांच्या पलीकडे समुद्र वाजत होता.

मग तिने बाही मुठीत दाबली, बोटं पदराला पुसली आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "आज ओलो आसा. डोक्याक शाल गुंडाळ. पायतान हातात घे, दंवान चामडा फुगतला. दहा वाजता ऊन पडला की शाल दप्तरात घाल, खंय विसरान येव नको."

कुंपणाबाहेर काहीतरी धडपडलं. पैज लावणाऱ्या दोघी पाणंदीतून धूम पळत सुटल्या होत्या.

तारकर्लीची थंडी ही एक फसवी वस्तू आहे. थंडी म्हणावी तर ती नाही, आणि नाही म्हणावं तर दात वाजतात. एक दिवस घाटावरून मतलई वारा सुटतो, कोरडा, ओठ फाडणारा. आठपर्यंत म्हातारे कांबळ्यात आणि दहाला तेच म्हातारे उघड्या अंगाने. दुसऱ्या दिवशी वारा फिरतो, समुद्राकडून धुकं आत शिरतं, झावळ्यांवरून दंव टपटप गळतं आणि चिऱ्यांची पाणंद तेल ओतल्यासारखी निसरडी होते. मालवणच्या हायस्कुलापर्यंत दोन कोस चाल. आज शाल की नुसता पोलका, चपला की अनवाणी, हे रात्री झोपताना कोणी सांगू शकायचं नाही. काशीकाकी सांगायची. पहाटे उठून ती कोटाची बाही चाचपायची. कोरडी असली तर मतलई, ओली असली तर धुकं. एकदाही चुकली नव्हती. शेजारच्या बायका पाण्याला जाता जाता विचारून जायच्या, "काशीबाय, आज काय म्हणता कोट?" विचारताना हसायच्या, पण कोटाकडे बघायच्या नाहीत.

कोट परशुकाकांचा. ते कौलं वाहून नेणाऱ्या गलबतावर खलाशी होते. नऊ वर्षांपूर्वी, शेवंती सहा वर्षांची असताना, ते गलबत वादळात फुटलं. रेडीच्या किनाऱ्याला डोलकाठीचा तुकडा लागला आणि त्याला गुंडाळलेला हा कोट. माणूस लागला नाही. काकीने कोट आणला तसा, वाळूसकट, खुंटीला लावला. धुतला नाही, धुऊ दिला नाही. समुद्रात हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकतात आणि बाईचं कुंकू पुसतात. काकीची नऊ झाली होती. तीन उरली होती. त्या तीन वर्षांना ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून सांभाळत होती.

"तुमच्याकडे भूत आसा," वाटेत नर्मदा म्हणाली. धावून धावून तिला धाप लागली होती. "मी परत तुमच्या पडवीत येवचंय नाय."

"भूत नाय, मीठ आसा!" शेवंती म्हणाली. "गुरुजींनी बशीत मिठाचो खडो ठेवन दाखवल्यानी तो इसारलंस? पावसात पाणी सुटला तेका. कोट खाऱ्या पाण्यात बुडलेलो, कधी धुवाक नाय. हवा दमट झाली की मीठ पाणी ओढता. झाला! ह्यात भूत खंय इला?"

"मगे धुवन दाखव," यशोदा म्हणाली. "धुतल्यावर धुक्यात सुको रवलो तर तुझा खरा."

शेवंतीला नाही म्हणता येत नसे. त्या दिवसांत तर मुळीच नाही.

रविवारी काकी भावाकडे इन्सुलीला गेली, दोन दिवसांसाठी. आई-बाबा माडांना पाणी घालायला बागेत. शेवंतीने कोट खुंटीवरून काढला तेव्हा तो तिला वाटला त्याहून जड लागला, झोपलेलं मूल उचलावं तसा. विहिरीवर रिठ्याच्या पाण्यात तिने तो बुडवला. पहिलं पाणी काळं निघालं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! ती एकटीच विहिरीच्या कठड्यापाशी नाचली. दुसरं पाणी राखाडी, तिसरं गढूळ. चौथ्या वेळी तिने खिसे उलटे केले, तर आतल्या शिवणीतून चिमूटभर वाळू निघाली. नऊ वर्षांची वाळू. तिने ती केळीच्या बुंध्यात टाकली आणि मग उगाच हात दोन वेळा धुतला.

मतलई वारा होता. कोट संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळला. खुंटीला लावताना तिने वास घेतला. पूर्वी त्याला ओल्या दोराचा, विडीचा, कशाकशाचा वास यायचा. आता रिठ्याचा येत होता.

काकी परतली, आणि दुसऱ्याच पहाटे वारा फिरला. धुकं घरात आलं. उशा दमट, धोतरं दमट, देवापुढची वात पेट घेईना. काकीने बाही धरली. मग दुसरी धरली. मग तिचा हात खांद्यावर गेला, कॉलरवर गेला, छातीवरच्या बटणांवर गेला. एखाद्याची नाडी सापडत नसली की वैद्य जसा मनगटभर बोटं फिरवतो तसा.

"काकी, आज काय घालू?" शेवंतीने विचारलं.

काकी तिच्याकडे न बघता म्हणाली, "काय्येक घाल."

पाण्याला जाणाऱ्या बायकांनाही तेच उत्तर मिळालं. त्या दिवशी अर्धी तारकर्ली चुकीचे कपडे घालून हिंडली. यशोदाच्या नव्या चपलेचा तळवा दंवाने सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. शेवंती शाल विसरली आणि वाटेत कुडकुडत, तरीही ऐटीत म्हणाली, "बघितलास? सुको! मीठ गेला, पाणी गेला. कोण जिंकला?"

नर्मदा हसली नाही. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "आता ते येवचे नाय?"

शेवंती झपाझप चालायला लागली, आणि शाळा येईपर्यंत दोघींच्या पुढेच राहिली.

तीन दिवस धुकं राहिलं. तीन दिवस कोट कोरडा. काकी पेज वाढून घ्यायची आणि तशीच ठेवायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवंती माजघरात दिवे पुसत होती, तेव्हा तिने काकीला आईशी बोलताना ऐकलं. काकी मोठ्या दिराशी, म्हणजे बाबांशी, समोरासमोर बोलत नसे.

"वयनी, दादांका सांगा. भटजींका बोलवा. उगाच बारा वर्षां कित्याक? ह्ये आता येणत नाय."

"अगो, तीन वर्षां रवली आसत."

"नाय वयनी. माका कळला. थंडीसुद्धा वाजणा नाय आता त्येंका."

आईने डोळ्यांना पदर लावला. बाबा त्याच पावली भटजींकडे गेले आणि येताना अमावास्या ठरवून आले. बाईच्याच मनाने होत असेल तर चालेल, असं भटजी म्हणाले होते. भावकीला निरोप गेला. हातात उरले पाच दिवस.

माजघरात शेवंतीच्या हातातली काच फुटायची राहिली. कागदाशिवाय बोलणारी ती, दोन पावलं पुढे होऊन एवढंच सांगायचं होतं: कोट मी धुतला. पण मग काकी विचारणार, म्हणजे काय? म्हणजे मीठ, असं सांगावं लागणार. म्हणजे नऊ वर्षं तू मिठाचा हात धरून उभी होतीस, असं सांगावं लागणार. ते तिच्याने होईना. रात्रभर पाठीला भिंत लावून ती पडून राहिली. पलीकडे पडवीत कोट होता, आणि तो नुसता लटकतोय असं तिला वाटेना. कोणाची तरी वाट बघून कंटाळलेलं असं काहीतरी तिथे होतं, आणि त्याला माहीत होतं की दार कोणी बंद केलं.

उजाडायच्या आधी तिने ठरवलं. मीठ काढता येतं, तर घालताही येतं.

बाहेर धुकं इतकं की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. परकर-पोलक्यात ती काकडली, म्हणून तिने कोट काखेत धरण्याऐवजी अंगात घातला. नऊ वर्षांत कोणीही घातला नव्हता. बाह्या तिच्या बोटांच्या खाली वीतभर लोंबत होत्या. आणि तो उबदार होता, इतका, की तिला लाज वाटली. खांद्यांपाशी मात्र तो तिचा होईना. तिथे दुसऱ्याच कोणाचे तरी खांदे मांडून ठेवल्यासारखे वाटत होते.

चपला तिने माडाखाली ठेवल्या आणि पाण्यात शिरली. हवेपेक्षा पाणीच कोमट होतं. गुडघे, मांड्या, कंबर. लोकर पाणी प्यायला लागली, घटाघटा, तहानलेल्या गुरासारखी. कोट खाली ओढायला लागला. एका क्षणी तिला स्पष्ट जाणवलं की हे नुसतं वजन नाही, कोटाला पुढे जायचंय. ती घाबरून वळली आणि किनाऱ्याकडे पाय ओढत निघाली.

किनाऱ्यावर कोणीतरी उभं होतं.

"इलात?"

काकीचा आवाज. पण असा आवाज शेवंतीने कधी ऐकला नव्हता. काकी अठ्ठावीस वर्षांची आहे, हे तिला त्या आवाजाने कळलं. पहाटे उठून काकीने हात लावला असणार, आणि खुंटी रिकामी लागली असणार.

"डोक्याक काय्येक नाय?" काकी म्हणत होती. "एवढ्या दंवात असे उघड्या डोक्यान..."

तिला तोंड दिसत नव्हतं. धुकं आणि धुक्यातला काळा कोट, एवढंच दिसत होतं. शेवंती गप्प उभी राहिली असती, दोन पावलं मागे सरून धुक्यात विरली असती, तर काकीला ही पहाट जन्मभर पुरली असती. शेवंतीच्या मनात हे आलं. खोटं कशाला, आलंच. तिने श्वाससुद्धा रोखला.

पण काकी थांबली नाही. ती पुढे येत होती. लुगडं वर न धरता, पाणी न बघता, सरळ. पोटऱ्या भिजल्या, गुडघे भिजले, तरी ती येत होती, आणि शेवंती मागे सरली असती तर ती आणखी पुढे आली असती.

"काकी! मी! शेवंती!"

काकी जागच्या जागी उभी राहिली. लाट आली, गेली. मग शेवंतीने सगळं सांगून टाकलं: पैज, विहीर, रिठे, वाळू, गुरुजींची बशी. रडत रडत, हुंदक्यांवर हुंदके देत. "मीठ होता काकी. नुसता मीठ. ते पाणी ओढता."

 काकीने कोटाची गळती बाही हातात घेतली, पिळली आणि ओलं बोट जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली. "खंयचा मीठ?"

"समुद्राचा."

"आणि ह्ये खंय आसत?"

 शेवंतीच्या पाठीमागे पाणी होतं, धुकं होतं, आणि त्यात कुठेतरी अगदी जवळ एक लाट दमल्यासारखी बसली. मागे वळून बघायचा धीर तिला झाला नाही.

"मगे?" काकी म्हणाली. आणि मग स्वतःशीच, "म्हणजे ह्येंचा येणा थांबाक नाय. कोटाक सांगता येय नाय होता, एवढाच."

दोघी वाळूवर आल्या. काकीचा हात शेवंतीच्या मनगटावर घट्ट होता. "पण आता काय करू गो? माझ्या तोंडान सांगितलंय मी. भटजींनी दिवस दिल्यानी, भावकीक निरोप गेलो. आता नको म्हटलंय तर लोक काय म्हणतले? बायलेक खूळ लागला म्हणतले. तीन वर्षां होती माझी. मीच दिलंय."

शेवंतीने तिच्याकडे पाहिलं. कपाळावरचं कुंकू दंवाने ओघळून नाकावर आलं होतं.

घरी बाबा ओसरीवर चहा घेऊन बसले होते, आई झाडू घेऊन उभी. पाणंदीच्या धुक्यातून तो कोट चालत येताना दिसला आणि आईच्या हातून झाडू पडला. बाबा उठले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "परशू..."

"नाय बाबा, मी आसंय." शेवंतीच्या बाह्यांतून पायरीवर पाणी गळत होतं. काकी चार पावलं मागे, कुंपणापाशी, खाली मान घालून. शेवंतीचे दात वाजत होते, पण आवाज गॅदरिंगातल्यासारखाच निघाला, खणखणीत, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा.

"आये, बाबा, आयका. कोट मी धुतलंय. काकी इन्सुलीक गेली तेव्हा, तिका न इचारता. म्हणान तो सुको रवलो. अमावास्येक क्रिया होवची नाय. मी आताच्या आता भटजींकडे जातंय, मगे भावकीतल्या एकेका घरात जातंय, आणि चूक माझी म्हणान सांगतंय. कोणाक हसाचा आसात तेणी माका हसांदे. पण ती तीन वर्षां काकीची आसत, आणि ती तिका परत मिळाक होयी."