कुत्र्याच्या नावावरचा दमा

ग्वायामा गावात दम्यावर उपाय विचारा, दहातले नऊ जण एकच सांगतील: चिवावा पाळा. इवलंसं कुत्रं छातीशी घेऊन निजायचं, की माणसाचा दमा ते आपल्या अंगावर घेतं. एरिबेर्तोची यावर देवाइतकी श्रद्धा होती.

मुलगी ओरलँडोला गेली, घर खायला उठलं, तेव्हा बायकोच्या, प्रोवीच्या, सोबतीला त्याने कानेलो नावाचा चिवावा आणला. काही महिन्यांनी प्रोवीला धाप लागू लागली. तेव्हा हा म्हणाला, "बघ, देवाने आधी औषध पाठवलं, मग दुखणं!" आणि रोज स्वतःच्या हाताने कुत्रं तिच्या छातीवर ठेवू लागला.

दवाखान्यातल्या पहिल्या डॉक्टरने तिच्याकडे नुसतं पाहूनच सांगितलं, की वजन उतरवा. झालं! एरिबेर्तोने डुकराचं मटण बंद केलं, भातावर पहारा बसवला, उकडलेला भोपळा सुरू केला.

"अरे म्हाताऱ्या, मी दम्याने नाही, या भोपळ्याने मरेन," प्रोवी म्हणायची. बाई थोडी उतरली, पण दमा हटेना. मग एके दुपारी ओठ निळे पडले आणि तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. एरिबेर्तोच्या पायाखालची जमीनच सरकली. ही गेली तर आपलं काय, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

तिथल्या डॉक्टरबाई इरिसारींनी तिला एका यंत्रात फुंकायला लावलं, रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वजन जास्त, त्यात उतारवयात लागलेला दमा. अशांचे ऍलर्जीचे आकडे बहुतेक कमी येतात. तुमचे श्वासातले आणि रक्तातले, दोन्ही चढलेत. ही ऍलर्जी दिसते. असा दमा बहुधा लहानपणीच सुरू होतो. तुम्हाला होता का?"

"छे! चार वर्षांपूर्वी लागला."

"अगं, काय सांगतेस? तुझी आई सांगायची, पोर रात्र रात्र उशीला टेकून बसायची," एरिबेर्तो मध्येच बोलला.

"तो होय! तो पेपाचा दमा. आमची कुत्री. तिने घेतला माझा, मेली बिचारी, दमाही तिच्याबरोबर गेला. दिलेला दमा परत आपला म्हणून कसा सांगायचा?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "कुत्री गेली आणि दमा गेला. आता घरात कुत्रं आहे?"

"तिच्या छातीवर असतं. मीच ठेवतो," एरिबेर्तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

प्रोवीच्या हातावर कुत्र्याच्या ऍलर्जीची चाचणी केली, तर टरारून गांधी उठली. वजनाचा भार आहेच, पण मूळ हे, असं सांगून डॉक्टरबाईंनी नवा पंप लिहून दिला आणि कुत्रं घराबाहेर ठेवायला सांगितलं.

गाडीत प्रोवी म्हणाली, "म्हणजे पेपा माझ्यापायी नाही मेली? आणि मी दर वर्षी तिच्या नावाने मेणबत्ती लावते!"

"मी तुला लाडाने मारत होतो गं," एरिबेर्तो रडत म्हणाला.

"गप रे, रडक्या. लाड करणारा तरी कितीजणींना मिळतो?" असं म्हणून तिने त्याचा गुडघा दाबला आणि खिडकीकडे तोंड करून स्वतःच रडली.

कानेलो चढावरच्या नेरेइदाकडे, प्रोवीच्या बहिणीकडे, गेला. महिना-दीड महिन्याने प्रोवी त्याला बघायला निघाली. ज्या चढावर पूर्वी तीनदा बसायची, तो ती बडबडत चढून गेली. फाटकाआड कानेलो नाचत होता. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"शहाणा माझा बाळ! तिथूनच नाच हं," ती म्हणाली.

मागे वळून बघते तो एरिबेर्तो अर्ध्या वाटेवर कुंपण धरून धापा टाकत उभा.

"काय रे म्हाताऱ्या? तुझ्यासाठी आणू का एक कुत्रं?"

तिचं हे बोलणं एका दमात आलं होतं. खोकला नाही, मध्ये थांबणं नाही. एरिबेर्तोने नुसता हात हलवला आणि ती पुन्हा काहीतरी बोलेल म्हणून तिथेच ऐकत उभा राहिला.