डिशचा पुढचा पाय

"मेलेल्या माणसाचं नाव लागलं तर त्याला काय फरक पडतो?" काका जिना चढता चढता म्हणाले. "मला अजून इथे कामं करायची आहेत."

काका म्हणजे बाबांचे भागीदार. दोघांनी सव्वीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या मोठमोठ्या डिश बसवल्या. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. जाण्याच्या चार महिने आधी त्यांनी या इमारतीवर दहा फुटी डिश बसवली, आणि गेल्या सोमवारी तिच्या खालच्या खोलीत छताचा हातभर पोपडा थेट पलंगावर येऊन पडला. तिथे राहणाऱ्या बाई स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. इमारतीच्या समितीने इंजिनिअर नेमली होती. वजनाचा अंदाज कोणी चुकवला हे तिच्या अहवालात लिहिलं जाणार होतं. काकांनी बाबांवर खापर फोडून टाकलं होतं. मी ते खोटं ठरवायला आले होते.

मला खात्री होती, कारण बाबांची पद्धत मी लहानपणापासून पाहिली होती. एकाने पहारीने स्टँडचा पाय उचलायचा, दुसऱ्याने त्याखाली माणसं उभी राहतात तसला चपटा वजनकाटा सरकवायचा. बाकीच्या दोन पायांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या. असे तिन्ही पाय मोजायचे आणि बेरीज करायची. एकही पाय सुटायचा नाही.

वारा पडलेला होता. वाऱ्याने डिश उलटू नये म्हणून स्टँडवर ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे आदल्या दिवशीच उतरवले होते. इंजिनिअरने बाबांचा कागद वाचला. एकूण दोनशे बावीस किलो. मागचे दोन पाय खालच्या तुळईवर. पुढचा स्लॅबच्या मध्यावर, कारण तिथे चौऱ्याहत्तर किलोच येणार.

"तिन्ही पाय पुन्हा मोजू," मी म्हटलं.

"पुस्तकं वाचून पहार उचलता येत नाही," काका म्हणाले.

"तुम्ही उचला. मी काटा सरकवते. तेवढं शिक्षण झालंय माझं."

मागचा डावा पाय चौऱ्याहत्तर भरला. "तुझ्या बापाचाच आकडा," काका म्हणाले. उजवा शहात्तर.

पुढचा पाय हलेना. काकांनी दोनदा जोर लावला, मग पहार टाकून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शेवटी मीही पहारीवर लटकले. आमची डोकी जवळजवळ टेकली होती. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता आणि तो मला लहानपणापासून ओळखीचा होता, याचाच जास्त राग आला. इंजिनिअरने काटा सरकवला.

एकशे एक्केचाळीस.

"डिश पुढे कललेली आहे," ती म्हणाली. "निम्मा भार एकट्या या पायावर, आणि हाच स्लॅबच्या मध्यावर. तुमच्या बाबांनी मागचा एक पाय मोजला आणि तिनाने गुणलं."

"मी काय बोंबलत होतो?" काका म्हणाले. "पण आमचं कोण ऐकतंय. बापलेक दोघंही शहाणे."

चूक बाबांचीच होती. हाताला पहारीचा गंज लागला होता तो मी पुसत राहिले.

"हा पाय एका माणसाला उचलत नाही, काका."

"मग?"

"मग त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"गाडीत. गुडघा धरला होता माझा. त्यानेच सांगितलं, तू बस म्हणून."

त्या दिवसांत बाबा घरचा चौदा पायऱ्यांचा जिना मध्ये थांबून चढायचे. स्टँडचा एक हलका पाय एकट्याने उचलून, स्वतःच्या पायानेच काटा सरकवून, मग ते किती वेळ कठड्याला टेकून बसले असतील याचा मी हिशोब लावत होते.

इंजिनिअरने कागद उलटला. "इथे 'पहार धरणारा' म्हणून सही आहे. ही कोणाची?"

काकांनी वाकून सही पाहिली.

"ती काय, नेहमीची सही असते मॅडम. आधीच करून ठेवतो आम्ही. आमच्या दोघांत ठरलेलं होतं ते."

"म्हणजे तुम्ही वर नव्हता, तरी सही केलीत. मग अहवालात नाव कोणाचं लिहू?"

ती माझ्याकडे बघत होती. आजारी होते, दमले होते, असं बरंच काही सांगता आलं असतं. बाबांनी कागदावर त्यातलं काही लिहिलं नव्हतं.

"आधी बाबांचं लिहा," मी म्हटलं. "न मोजलेले आकडे त्यांनी लिहिले. त्याखाली यांचं. न उचललेल्या पहारीवर यांनी सही केली."

"बापाचं नाव वाचवायला आली होतीस ना?" काका म्हणाले. "चांगलं वाचवलंस."

"तुमचंही वाचवलं नाही."

"सव्वीस वर्षं तुमच्या घरी जेवलोय मी."

"माहीत आहे. मीच वाढायचे."

ते जिना उतरून गेले. खालच्या मजल्यावर दार आपटल्याचा आवाज आला. इंजिनिअरने दोन्ही नावं लिहून मला दाखवली. मी वाचून मान हलवली.

पुढचा पाय अजून काट्यावरच होता. मी पहार खाली घालून पाहिली, पण तो तसूभरही हलला नाही. तेव्हा तिने फाइल गच्चीवर ठेवली, वारा नसतानाही तिच्यावर एक ठोकळा ठेवला, आणि माझ्या शेजारी येऊन पहार धरली.