परके शंख

मालसुनने बुड्या मारताना पाण्यावर सोडलेल्या तरंग्याखालची जाळी शेकोटीजवळच्या दगडांवर उपडी केली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. एवढे शंख तिने काढलेच नव्हते. तिच्या हाती लागले होते ते मूठभर, तेही बारके. हे बाकीचे टपोरे, खोल पाण्यातले.

शेकोटीभोवतीच्या पाणबुड्या बायका एकाएकी आपापली हत्यारं पुसायला लागल्या.

बेटावरची जुनीच रीत ती. थकल्या-आजारी बाईच्या जाळीत धडधाकट बायका जाता जाता आपल्यातलं थोडं टाकतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मालसुनने स्वतः वर्षानुवर्षं टाकलं होतं. टाकताना बरं वाटायचं. घेताना कसं वाटतं ते आज कळलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मागच्या हिवाळ्यात तिच्या उजव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, काखही खरवडून काढली. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जाईना. इस्पितळात व्यायाम शिकवणारी यांगबाई तिला भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला लावायची. भिंतीवर तिच्या हनुवटीच्या उंचीला पेन्सिलची खूण होती. बोटं तिथवर जायची आणि हटून बसायची.

"दुखलं तर थांबा, पण घाबरून थांबू नका," यांगबाई म्हणायची.

मालसुन मनातल्या मनात तिच्या सात पिढ्या उद्धरायची. हात वर जात नाही तोवर खोल पाणी बंद, असं पाणबुड्या बायकांच्या संघाने ठरवलं होतं. तिला धाडलं म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या उथळ पाण्यात. शेकोटीपाशी जागाही दिली ती धुराच्या बाजूला.

"कुणी टाकले हे?"

बायका हत्यारं आणखीच जोरात पुसायला लागल्या.

"तोंडं शिवलीत का? मी भीक मागायला आले नव्हते."

"घे गं मुकाट्याने," चुनओक आजी म्हणाली. ती ऐंशीच्या घरातली, उथळ पाण्याची जुनी मालकीण. "माझ्या जाळीत रोज पडतात. मी बसते का रडत?"

"तुमचं वय झालंय, आजी. माझं नाही झालेलं."

"हो का? मग आजार शेजारणीला झाला होता वाटतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मालसुनने सगळ्यांत मोठा शंख उचलला आणि शेकोटीभोवतीच्या दगडी भिंतीवरून समुद्रात भिरकावला. ती भिंत तिच्या डोक्याहून उंच होती. मग दुसरा. मग तिसरा. एकेका शंखाबरोबर ती एकेकाचा उद्धार करत होती: संघाचा, यांगबाईचा, त्या मेल्या पेन्सिलच्या खुणेचा. टपोरे संपले तेव्हा ती धापा टाकत होती.

कुणी हसत नव्हतं. हत्यारं पुसणारे हात थांबले होते.

"मालसुन," आजी हळूच म्हणाली, "कुठल्या हाताने फेकलेस?"

मालसुनने वर पाहिलं. उजवा हात अजून डोक्याच्या वरच होता. तिने तो सावकाश खाली आणला.

"दुखतंय?"

"आग आग होतेय."

"होऊ दे." आजीने काठीने निखारे सारले. "माझ्या जाळीत पडलेलेच मी तुझ्या जाळीत टाकले होते. उद्या परत टाकीन."

मालसुनने आपले बारके शंख जाळीत भरले आणि धुरातल्या जागेवर जाऊन बसली.

"टाकून तर बघा," ती म्हणाली.