प्रलंबित: शून्य

तक्रार कार्यालयातल्या पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा सरकायला लागला तेव्हा सिस्टीमवाल्याला कळलं, की आपण भलतीच डिस्क फॉरमॅटला लावली आहे. त्यानं झडप घालून काम थांबवलं, पण उपयोग नव्हता. कोणती तक्रार कुठे ठेवली आहे हे सांगणारा भाग डिस्कच्या सुरुवातीलाच असतो, आणि पुसण्याचं कामही शिस्तीत सुरुवातीपासूनच होतं.

मेनफ्रेमवर, म्हणजे कार्यालयाच्या मोठ्या संगणकावर, नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवतानाचा शिरस्ता साधा आहे. रिकाम्या डिस्क तेवढ्या चालू करायच्या, भरलेल्या बंद ठेवायच्या. बंद डिस्क यादीत दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिच्यावर वरवंटाही फिरत नाही. पण दुपारी वरच्या कार्यालयातून पाहुणे यायचे होते. साहेबांनी सकाळीच दारातून मान आत घालून फर्मावलं होतं, की सगळ्या डिस्कचे दिवे हिरवे दिसले पाहिजेत, बंदचा लाल फार वाईट दिसतो. त्यानं सगळ्या चालू करून हिरव्या केल्या. रिकामी डिस्क यादीत पहिली असते हे हाताला इतकं पाठ होतं, की डोळ्यांना विचारायचं राहून गेलं. आज पहिल्या ओळीत शहरभरच्या तक्रारी होत्या, बंद पडलेल्या दिव्यांपासून हरवलेल्या माणसांपर्यंत.

बॅकअप कित्येक महिने होत नव्हता. बॅकअपचं यंत्र बिघडल्याची तक्रार त्यानं स्वतःच नोंदवली होती. तीही त्याच डिस्कवर होती.

आणि तिथेच आईची होती. धाकटा मुलगा घरातून निघून गेला, शोध घ्यावा, अशी. रोज संध्याकाळी त्यानं बूट काढायच्या आत ती विचारायची, आमचं काय झालं? तो म्हणायचा, चालू आहे. घरात बोललं जाणारं तेवढंच एक वाक्य शंभर टक्के खरं होतं.

यंत्रांच्या गारठ्यातही त्याचा शर्ट पाठीला चिकटला. त्यानं डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला लावली. यंत्रानं दर वेळी तितक्याच सौजन्यानं ती रिकामी असल्याचं कळवलं. शेवटी त्यानं सिस्टीम खऱ्या रिकाम्या डिस्कवर चढवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

साहेब आले ते थेट पडद्यासमोर.

"प्रलंबित तक्रारी शून्य?"

"त्या मिटल्या नाहीत, साहेब. पुसल्या गेल्या. माझ्या हातून."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून तो आकडा प्रेमानं न्याहाळला.

"पुसल्या हा शब्द पाहुण्यांसमोर नको."

"माझ्या आईचीही होती त्यात."

"मग सुटल्या की हो आई."

नोकरी गेली असं धरूनच तो उभा होता. त्याऐवजी पाहुण्यांसमोर त्याची पाठ थोपटली गेली. टाळ्या ओसरायच्या आत साहेबांनी सगळ्या तक्रारदारांना संदेश धाडायला लावला. नागरिकांच्या फोन नंबरांची डिस्क दुर्दैवानं शाबूत होती.

संध्याकाळी घराचं दार सताड उघडं होतं. आई धाकट्याच्या खाटेवर धुतलेली चादर अंथरत होती. आज तिनं काहीच विचारलं नाही. नुसता फोन त्याच्या हातात दिला.

आपल्या नावे आता कोणतीही तक्रार प्रलंबित नाही.

"सापडला असणार, नाही का रे? उगीच कशी मिटवतील?"

त्यानं फोन उशाशी पालथा ठेवला. बूट अजून पायातच होते.

"ते टोक धर बघू," आई म्हणाली. "एकाच बाजूला ओढली जातेय."

त्यानं टोक धरलं. चादर ताणली, गादीखाली खोचली, तळव्यानं एकेक सुरकुती मोडत गेला. मोडायला एकही उरली नाही, तेव्हा तो दार लोटायला वळला.

"राहू दे उघडं," आई म्हणाली. "त्याच्याकडे किल्ली नाहीये."